अबोध भावनिक स्मृती आणि शरीर

अबोध भावनिक स्मृती म्हणजे घडलेला प्रसंग डोक्यातून निघून गेला तरी त्यातली भीती, लाज किंवा दुःख अंगात शिल्लक राहणं. नेमकं काय झालं होतं ते माणसाला सांगता येत नाही, पण तसाच वास आला किंवा तसाच आवाज कानावर पडला की छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. मराठीत यासाठी जुना शब्द आहे, धसका. तो माणसाला "बसतो" किंवा माणूस तो "घेतो", आणि कुठे बसलाय ते दाखव म्हटलं तर कोणी डोक्याकडे बोट दाखवत नाही, हात छातीवर नाहीतर पोटावरच जातो. मानसशास्त्रात हा अव्यक्त स्मृतीचा एक प्रकार मानतात. सायकल कशी चालवायची ते जसं आठवावं लागत नाही तसंच हे, फक्त इथे अंगवळणी पडलेली गोष्ट म्हणजे घाबरणं.

याचा एक जुना आणि अजूनही सगळ्यात भारी दाखला जिनिव्हाचा आहे. एदुआर क्लापारेद नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1911 मध्ये एका बाईंची केस लिहिली. कोर्साकोफ आजारामुळे त्यांची नवी आठवण टिकतच नव्हती, रोजचे डॉक्टरही ओळखू यायचे नाहीत. एकदा क्लापारेदने बोटांमध्ये टाचणी लपवली आणि हात मिळवताना त्यांना टोचली. थोड्या वेळात त्या ते विसरल्या, पण पुढच्या वेळी त्याने हात पुढे केला तर त्यांनी झटकन आपला मागे घेतला. का घेतला विचारलं तर खूप गोंधळून शेवटी म्हणाल्या की कधीकधी लोक हातात टाचण्या लपवतात ना. टाचणी टोचल्याची आठवण शून्य, तरी हात शहाणा झालेला. (आजच्या एथिक्स कमिटीने हा प्रयोग दारातच अडवला असता, आणि बरोबरच केलं असतं.)

प्रसंग आठवणं आणि त्याचा धसका राहणं या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या ठिकाणी चालतात हे बऱ्याच उशिरा नीट दिसलं. 1995 मध्ये अँटोइन बेशारा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आयोवाला काही पेशंटना रंगीत स्लाइड दाखवल्या आणि ठरावीक रंगानंतर मोठा भोंगा वाजवला. ज्याचा अमिग्डाला (मेंदूच्या आतला एक छोटा भाग) खराब होता तो कुठल्या रंगानंतर भोंगा वाजतो ते बरोबर सांगायचा, पण तो रंग दिसल्यावर त्याच्या तळहाताला घाम येत नव्हता. ज्याचा हिप्पोकॅम्पस (त्याच्या शेजारचा दुसरा भाग) खराब होता त्याचं नेमकं उलटं, घाम यायचा पण सांगता काही येत नव्हतं. म्हणजे प्रसंगाची हकीकत हिप्पोकॅम्पसकडे आणि त्याचा धसका अमिग्डालाकडे, असा ढोबळ हिशोब. न्यूयॉर्कच्या जोसेफ लदू यांनी उंदरांवर काम करून दाखवलं की आवाजाची वर्दी थॅलॅमसमधून (हे मेंदूतलं निरोप पुढे धाडणारं ठाणं) थेट अमिग्डालाला पोचणारा एक शॉर्टकट आहे, त्यामुळे हा कसला आवाज हे कळायच्या आधीच शरीर सावध झालेलं असतं. पण अमिग्डालाला "भीतीचं केंद्र" म्हणायला खुद्द लदूंनीच नंतर हरकत घेतली, त्यांच्या मते तिथे धोक्याला प्रतिसाद ठरतो, "मला भीती वाटतेय" ही जाणीव वेगळीकडे तयार होते. तरी पेपरातल्या लेखात अजून भीतीचं केंद्रच छापून येतं. लहानपणाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा, कारण हिप्पोकॅम्पस सावकाश पिकतो आणि साधारण तीन वर्षांच्या आतलं आपल्याला सहसा काही आठवत नाही, अमिग्डाला मात्र तेव्हाही कामावर असतो.

आता शरीराचं काय होतं? अमिग्डालाने घंटा वाजवली की काही सेकंदात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, आणि मग जरा सावकाश हायपोथॅलॅमस, पिट्युटरी, अ‍ॅड्रेनल ग्रंथी अशी साखळी हलून काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलेली कल्पना इथूनच सुरू होते, की त्रास कुठलाही असो, शरीर बरंचसं एकाच साच्यात उत्तर देतं. कुत्रा मागे लागला तर ही व्यवस्था अगदी योग्य आहे, कुत्रा जातो आणि यंत्रणा बंद होते. धसक्यात कुत्रा दिसतच नाही. कशाने घाबरलो तेच माहीत नसलं की ते संपलं कधी हेही कळत नाही, आणि साखळी थोडीथोडी चालूच राहते. ब्रूस मॅकएवन यांनी 1993 मध्ये या सततच्या झिजेला अ‍ॅलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं, बीपी, साखर, पोटाचा घेर, झोप सगळं हळूहळू त्यात ओढलं जातं.

ही झीज मोजताही आली आहे. ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी घरात डिमेन्शियाचा पेशंट सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम केली, तशीच जखम इतर बायकांना केली, तर सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले (1995). बॉस्टनमध्ये 2017 साली 293 लोकांचे स्कॅन तपासले तेव्हा ज्यांचा अमिग्डाला जास्त सक्रिय त्यांच्या अस्थिमज्जेत (जिथे रक्तपेशी तयार होतात) हालचाल जास्त, रक्तवाहिन्यांना सूज जास्त आणि पुढे हार्टचा त्रासही जास्त दिसला. पण माझ्या मते या विषयातला सगळ्यात चक्रावणारा प्रयोग रॉबर्ट अ‍ॅडर आणि निकोलस कोहेन यांचा, 1975 चा. उंदरांना सॅकरीनचं गोड पाणी पाजायचं आणि लगेच सायक्लोफॉस्फमाइड टोचायचं, जे प्रतिकारशक्ती दाबतं. नंतर नुसतं गोड पाणी दिलं तरी त्या उंदरांची प्रतिकारशक्ती दबलेली सापडली. म्हणजे चवीची आठवण थेट इम्यून सिस्टिमपर्यंत पोचली, आणि या विषयाला नावं ठेवणाऱ्या डॉक्टर मंडळींनाही विचार करावा लागला.

बालपणाबद्दल बोलताना हटकून येतो तो एस (ACE) स्टडी, म्हणजे लहानपणीच्या वाईट अनुभवांचा अभ्यास. सॅन डिएगोत व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचं क्लिनिक चालवायचे, तिथे वजन छान उतरत असलेलेच पेशंट मध्येच सोडून जायला लागले म्हणून त्यांनी चौकशी केली, आणि बऱ्याच जणांच्या लहानपणी अत्याचार झालेले निघाले. पुढे रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर 17,000 हून जास्त लोकांची माहिती जमवली, पहिला पेपर 1998 चा. लहानपणीचे वाईट अनुभव जितक्या जास्त प्रकारचे, तितका मोठेपणी दारूचा, डिप्रेशनचा, हृदयविकाराचा धोका जास्त. पण एक गोष्ट सगळे विसरतात, या लोकांनी फॉर्म भरून सांगितलं होतं, म्हणजे त्यांना आठवत होतं! त्यामुळे हा अभ्यास अबोध स्मृतीचा थेट पुरावा नाही, शिवाय त्यातला बराच रस्ता सिगरेट आणि दारूवरून जातो.

"प्रत्येक दुखण्यामागे दाबलेली भावना" हे तर सरळ थोतांड आहे. पोटातल्या अल्सरचं खापर कित्येक दशकं टेन्शनवर फुटत होतं, मग ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू पकडला आणि 2005 चं नोबेल घेऊन गेले. म्हणून आधी तपासण्या, मग धसका. तसंच हिप्नॉटिझम करून "विसरलेली" आठवण वर काढणं धोक्याचं. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी दाखवलंय की लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची कधी न घडलेली गोष्ट काही लोकांच्या मनात नुसत्या सुचवण्याने घालता येते. अंगाला फुटलेला घाम खरा असतो, त्यावरून रचलेली गोष्ट खरी असेलच असं नाही.

आपल्याकडे योगसूत्रांत संस्कार आणि स्मृती एकरूप मानलेत, आणि इगतपुरीला गोएंका गुरुजींच्या विपश्यनेत साठलेले संखार (संस्कार या शब्दाचं पाली रूप) संवेदना होऊन वर येतात असं शिकवतात. वर्णन ओळखीचं वाटतं, पण ती साधनेची भाषा आहे, प्रयोगशाळेतला पुरावा म्हणून ती वापरू नये.

धसका पुसता येतो का? करीम नादेर यांनी 2000 मध्ये उंदरांत दाखवलं की आठवण परत जागी झाली की थोडा वेळ कच्ची असते आणि तेव्हा तिच्यात ढवळाढवळ करता येते. त्यावरून फार आशा लागल्या, माणसांमधले निकाल मात्र कधी हो कधी नाही असेच. नेहमीचा उपाय म्हणजे भीतीच्या गोष्टीला थोडंथोडं, सुरक्षितपणे सामोरं जाणं, पण त्यात जुनी स्मृती पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते, आणि ही नवी स्मृती जिथे तयार झाली त्या जागेशीच बांधलेली राहते. त्यामुळे घाटात अपघात झालेल्या माणसाची भीती क्लिनिकच्या खुर्चीत गेली तरी पहिल्याच वळणावर परत घाम फुटू शकतो, आणि म्हणूनच सराव शेवटी खऱ्या रस्त्यावर, गाडीत बसूनच करावा लागतो.