रोहिणीविस्फार, मेंदूतील न फुटलेला : उपचारांच्या धोक्यांची तुलना

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या (धमनीच्या) भिंतीला कमकुवत जागी येणारा फुगवटा म्हणजे रोहिणीविस्फार. डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात, घरची माणसे ‘डोक्यातला फुगा’. तो बहुधा मेंदूच्या तळाशी, रोहिणीला फाटा फुटतो त्या ठिकाणी आढळतो. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के असावे. बहुतेकांना तो असल्याचे कधीच कळत नाही. डोकेदुखी किंवा चक्कर यांसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये तो अवचित दिसतो. फुटल्यास मेंदूच्या आवरणांखाली रक्तस्राव होतो आणि अशा रुग्णांपैकी निदान एकतृतीयांश दगावतात. न फुटलेल्या विस्फाराबाबत मार्ग तीन : देखरेख, क्लिपिंग (फुग्याच्या मुळाशी चिमटा लावणे) आणि रोहिणीच्या आतून केलेले उपचार, त्यांत मुख्यतः कॉइलिंग (फुग्यात तारेची वेटोळी भरणे).

या तिघांचे धोके एका तराजूत घालणे अवघड आहे, कारण ते एकाच काळात वाटलेले नसतात. उपचाराचा धोका रुग्ण मुख्यतः त्या दिवशी आणि पुढच्या काही आठवड्यांत पत्करतो. फुटण्याचा धोका वर्षावर्षाने साचत जातो. त्यामुळे पस्तिशीतल्या आणि पंचाहत्तरीतल्या रुग्णाचा फुगा आकाराने सारखा असला तरी दोघांचे उत्तर एक नसते.

क्लिपिंगचा आरंभ २३ मार्च १९३७ रोजी धरतात. त्या दिवशी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी विस्फाराच्या मानेवर, म्हणजे फुगा रोहिणीला जोडलेला असतो त्या भागावर, चांदीची क्लिप बसवली. आज कानशिलाजवळचे हाड उघडतात, सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या दोन खंडांमधली फट हलक्या हाताने सोडवत फुग्यापर्यंत पोचतात आणि स्प्रिंगची छोटी क्लिप मानेला लावतात. क्लिपच्या पात्यांत शेजारची केसासारखी बारीक रोहिणी सापडली, तर तिच्यावर पोसला जाणारा मेंदूचा भाग मरतो. गुइदो गुलिएल्मी यांनी लॉस एंजेलिस येथे विकसित केलेले, विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने सुटे होणारे प्लॅटिनमचे कॉइल १९९० साली प्रथम रुग्णात वापरले गेले. जांघेतून किंवा मनगटातून नळी सरकवत फुग्यात कॉइलची वेटोळी भरतात. यात रक्ताची गुठळी सुटून पक्षाघात होणे हा मुख्य धोका. फुगा आतूनच फुटणे हा त्याहून विरळ, पण भयंकर. रुंद मानेच्या फुग्यांसाठी स्टेंट (रोहिणीत ठेवायची जाळीदार नळी) किंवा फ्लो डायव्हर्टर (रक्ताचा प्रवाह फुग्यापासून वळवणारी दाट जाळी) वापरल्यास रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात.

खरा वाद फुटण्याच्या प्रमाणाबद्दल आहे. न फुटलेल्या विस्फारांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने १९९८ साली पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांतील १० मिमीपेक्षा लहान फुग्यांसाठी वार्षिक ०.०५ टक्के हा आकडा दिला आणि खळबळ उडाली, कारण रुग्णालयांत येणारे बरेचसे फुटलेले विस्फार लहानच असतात. २००३ साली त्याच गटाने रुग्णांवर पुढे लक्ष ठेवून काढलेले निष्कर्ष आले. पूर्वी रक्तस्राव न झालेल्यांत, मेंदूच्या पुढच्या रक्तपुरवठ्यातील ७ मिमीहून लहान फुगे पाच वर्षांत फुटलेच नाहीत. ७ ते १२ मिमीचे २.६ टक्के, १३ ते २४ मिमीचे १४.५ टक्के आणि त्याहून मोठे ४० टक्के फुटले. मागच्या भागातील व पश्च संयोगी रोहिणीवरील (पुढचा आणि मागचा रक्तपुरवठा जोडणाऱ्या रोहिणीवरील) फुग्यांचे अनुक्रमे आकडे २.५, १४.५, १८.४ आणि ५० टक्के होते. मात्र कोणावर देखरेख ठेवायची हे डॉक्टरांनी आधीच ठरवलेले होते, आणि देखरेखीतल्या बऱ्याच जणांवर नंतर उपचार झाले. धोकादायक वाटणारे फुगे असे बाजूला काढल्यावर उरलेल्यांचा धोका कमी दिसणारच.

फिनलंडमधील अभ्यास या कारणासाठी मोलाचा वाटतो. हेल्सिंकीत १९५६ ते १९७८ दरम्यान निदान झालेल्या १४२ रुग्णांच्या न फुटलेल्या विस्फारांवर तेव्हाच्या रीतीप्रमाणे शस्त्रक्रिया केली गेली नाही आणि त्यांचा मागोवा दशकानुदशके घेता आला. वार्षिक प्रमाण १.३ टक्के निघाले. त्यांतील बहुतेकांचा दुसरा एखादा विस्फार आधी फुटलेला होता, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. जपानमधील ५,७२० रुग्णांच्या अभ्यासात (२०१२) हे प्रमाण ०.९५ टक्के आले. जपानी व फिनिश लोकांत धोका मुळातच अधिक असतो असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही १९९८ चा आकडा सर्वसाधारण रुग्णासाठी फारच कमी होता, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

उपचारांच्या बाजूनेही आकडे सरळ नाहीत. २००३ च्या निष्कर्षांत पूर्वी रक्तस्राव न झालेल्यांपैकी शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात १२.६ टक्के, तर कॉइलिंगनंतर ९.८ टक्के रुग्ण दगावले किंवा त्यांना व्यंग आले. हे आकडे इतर अभ्यासांपेक्षा मोठे आहेत, कारण येथे स्मरण व आकलन यांतील घटही व्यंगात मोजली होती. हे मोजणे योग्यच होते. रुग्ण चालत घरी गेला, पण दुकानाचा हिशेब पूर्वीसारखा जमेना, तर ते नुकसान त्याच्या घराला रोज जाणवते. पन्नाशीनंतर शस्त्रक्रियेचा धोका ठळकपणे वाढतो. कॉइलिंगवर वयाचा परिणाम तुलनेने कमी. २०१९ साली १,०६,४३३ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात ३० दिवसांतील गुंतागुंत क्लिपिंगनंतर ८.३४ टक्के आणि रोहिणीच्या आतून केलेल्या उपचारानंतर ४.९६ टक्के आढळली. मृत्यूंचे प्रमाण मात्र अनुक्रमे ०.१० व ०.३० टक्के होते.

फुटलेल्या विस्फारांवरील २००२ च्या चाचणीत एक वर्षानंतर परावलंबी किंवा मृत रुग्ण कॉइलिंग गटात २३.७ टक्के, तर क्लिपिंग गटात ३०.६ टक्के होते. हा निष्कर्ष पुष्कळदा न फुटलेल्यांनाही लावला जातो. तो तसा लावता येत नाही, कारण त्या रुग्णांचा मेंदू रक्तस्रावाने आधीच सुजलेला असतो. न फुटलेल्यांसाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचण्या थोड्या. उपचार की देखरेख हे ठरवण्यासाठी २००६ मध्ये सुरू झालेली चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने बंद करावी लागली. क्लिपिंग आणि कॉइलिंग यांची तुलना करणाऱ्या एका चाचणीच्या १३६ रुग्णांच्या निष्कर्षांत (२०१७) क्लिपिंगनंतर नवी व्यंगे अधिक आणि रुग्णालयातला मुक्काम लांब. वर्षअखेरीस परावलंबी किंवा मृत रुग्णांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे होते. कॉइल भरलेल्या सुमारे पाचांपैकी एका फुग्यात पुन्हा रक्त शिरते, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. चांगली बसलेली क्लिप सहसा टिकते.

फुटण्याचा धोका अजमावण्यासाठी २०१४ पासून ‘फेझेस’ गुणांक प्रचारात आहे. त्यात लोकसमूह, रक्तदाब, वय, आकार, पूर्वीचा रक्तस्राव आणि जागा धरतात. धूम्रपान धरलेले नाही. त्यातील लोकसमूह उत्तर अमेरिकी, युरोपीय, फिनिश आणि जपानी असे आहेत. भारतीय रुग्णासाठी वेगळी ओळ नसल्याने त्याला युरोपीयांच्या रांगेत बसवले जाते, आणि आलेला आकडा तेवढ्याच सावधपणे वाचावा लागतो.

देखरेख म्हणजे सहसा सहा महिने ते वर्षाने पहिला एमआर अँजिओ (एमआरआय यंत्रावर काढलेले रोहिण्यांचे चित्र), पुढे वर्षा-दोन वर्षांनी. त्यासोबत रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि विडी, सिगारेट सोडणे. दोन तपासण्यांच्या दरम्यान फुगा वाढलेला दिसला किंवा त्याला नवा लहान उंचवटा आला, तर आधीचा हिशेब रद्द होतो आणि उपचाराचा विचार नव्याने करतात.