डाउलेसचे गेस्ट: आधी भट्टी, मग किताब

वेल्समधल्या मर्थरजवळच्या डाउलेसचं गेस्ट घराणं म्हणजे जुने वेल्श सरदार आणि तिथला लोखंडाचा कारखाना त्यांनीच काढला, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्ही चूक. कारखाना १७५९ मध्ये काही भागीदारांनी मिळून उभारला. जॉन गेस्ट १७६७ मध्ये तिथे रुजू झाला तो मॅनेजर म्हणून, आणि तोही इंग्लंडमधल्या ब्रोझलीचा! नातू जोसाया जॉन १८३८ मध्ये बॅरोनेट झाला, म्हणजे लॉर्डच्या खालचा वंशपरंपरागत किताब मिळाला. जोसायाच्या मुलाला मिळालेला 'लॉर्ड विम्बोर्न' हा किताब तर थेट १८८० चा. घरात खानदानी कोण, तर जोसायाची बायको शार्लट, अर्लची, म्हणजे बड्या इंग्लिश उमरावाची लेक. तीही इंग्लिशच. पण पठ्ठीने वेल्श शिकून 'मॅबिनोगियन' या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहातल्या कथा इंग्रजीत आणल्या आणि १८५२ मध्ये नवरा गेल्यावर कारखान्याचा कारभारही हाती घेतला.