पेक्टिन: साल फुकट, मग खर्च कुठे होतो?

संत्र्याच्या आणि आंब्याच्या सालींपासून पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणारा फळांतला पदार्थ, काढण्याची चर्चा विदर्भात आणि कोकणात अधूनमधून होत असते. साल फुकट, पेक्टिन महाग, म्हणजे मधला सगळा नफा, असा त्यामागचा हिशोब असतो. हा हिशोब कुठे फसतो, हे पेक्टिनच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोकलँ यांना १७९० मध्ये हा पदार्थ प्रथम आढळला तो चिंचेत. १८२५ मध्ये ब्राकोनो यांनी तो वेगळा काढून त्याचे गुण नोंदवले. धंदा मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला, तोही सफरचंदाचा रस काढणाऱ्या जर्मन कारखान्यांच्या आवारात. रस निघाल्यावर उरलेला चोथा शिजवला की त्याच्या अर्काने जॅम चांगला घट्ट होतो, हे तिथे लक्षात आले. १९३३ मध्ये ॲन फ्रँकचे वडील ओटो फ्रँक जर्मनी सोडून ॲमस्टरडॅमला गेले, ते घरगुती जॅमसाठी हेच पेक्टिन विकणाऱ्या ‘ओपेक्टा’चा व्यवसाय तिथे उभा करण्यासाठी.

पुढे लिंबूवर्गीय फळांनी सफरचंदाला मागे टाकले. सफरचंदाच्या वाळलेल्या चोथ्यात पेक्टिन साधारण १० ते १५ टक्के असते, तर लिंबू-संत्र्याच्या वाळलेल्या सालीत २० ते ३० टक्के. पण ‘वाळलेल्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ताज्या सालीत जवळपास ८० टक्के पाणी असते. म्हणजे १ टन ताज्या सालीतून सुमारे २०० किलो सुकी साल आणि तिच्यातून ४० ते ६० किलो पेक्टिन. त्यातही साल ताबडतोब हाताळावी लागते. फळ चिरडले की सालीतली विकरे (एन्झाइम) पेक्टिन तोडू लागतात आणि बुरशी उरलेले काम करते. म्हणून लॅटिन अमेरिकेत रस आणि तेल काढणाऱ्या कारखान्यांजवळच साल धुतात, तिच्यातली साखर काढतात, ती दाबतात आणि लगेच वाळवतात. जगातला एक मोठा पेक्टिन कारखाना डेन्मार्कमधल्या लिले स्केन्सवेड इथे आहे. तिथे लिंबाच्या बागा नाहीत, पण बोटीने आलेल्या सुक्या सालीवर तो चालतो.

वाळवणीनंतरचा मोठा खर्च कारखान्यात होतो. साल आम्लाच्या गरम पाण्यात काही तास ठेवली जाते. निघणाऱ्या अर्कात पेक्टिन जेमतेम १ टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे १ किलो पेक्टिनसाठी १०० लिटरच्या घरात अर्क तापवायचा, गाळायचा, आटवायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून पेक्टिन साकळवायचे आणि ते अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत मिळवायचे. ते परत मिळाले नाही तर धंदा बसतो आणि मिळवायला वाफ लागते. ॲल्युमिनियमच्या क्षारांनी पेक्टिन साकळवण्याची पद्धत एकेकाळी बरीच चालत असे. तिच्यात अल्कोहोल कमी लागते, पण ते क्षार धुऊन काढावे लागतात आणि सांडपाण्याचा प्रश्न वाढतो. मायक्रोवेव्ह, अल्ट्रासाउंड, विकरे यांवर प्रयोगशाळांतून भरपूर काम झाले आहे. मात्र त्यातले बरेचसे अर्क काढण्याच्या पायरीवरच थांबते, साकळवण्याची आणि वाळवणीची वाफ तशीच राहते.

शिवाय साल खरोखर फुकट नसते. ब्राझील आणि फ्लोरिडात ती वाळवून पशुखाद्य म्हणून पूर्वीपासून विकली जाते. पुरवठ्याचाही भरवसा नाही. लिंबूवर्गीय झाडांचा नाश करणारा ग्रीनिंग रोग २००५ मध्ये फ्लोरिडात सापडला. तिथे २००३-०४ च्या हंगामात २४ कोटींहून जास्त खोकी संत्री झाली होती. वीस वर्षांनी ती २ कोटींच्याही खाली आली. यात वादळांचाही वाटा आहे, पण मुख्य घाव रोगाचाच.

पर्यावरणाची बाजू ठरते ती पेक्टिन काढल्यावर उरलेल्या ओल्या लगद्याचे काय होते यावर. मूळ सालीचा मोठा भाग शेवटी लगदाच होऊन उरतो. डेन्मार्कच्या त्या कारखान्याचा उरलेला माल २०१५ पासून जवळच्या सोलरोड बायोगॅस प्रकल्पात जातो. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. सालीचा कचरा उचलून लगद्याचा कचरा मागे ठेवला, तर त्याला शाश्वत उत्पादन कसे म्हणायचे?

आपल्याकडे १९४० च्या दशकात देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत चिंचोक्यातून पेक्टिनसारखा पदार्थ काढण्याचे काम झाले. रासायनिकदृष्ट्या तो पेक्टिन नव्हता, पण साखरेबरोबर जेली धरत होता. चिंचोक्याची पूड खरी रुळली ती कापड गिरण्यांत, सुताला खळ देण्यासाठी.

नागपुरी संत्र्याची अडचण वेगळी आहे. हे फळ बहुतांशी सोलून खाल्ले जाते, त्यामुळे साल घराघरांच्या कचऱ्यात विखुरते. कोकणात आंब्याची साल पल्प कारखान्यांत एका जागी मिळते, पण हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. अल्कोहोल वापरून पेक्टिन काढण्याचा संपूर्ण प्रकल्प एवढ्यावर वर्षभर चालणार नाही. म्हणून रस आणि पल्पच्या कारखान्यांना लागूनच धुण्याची आणि वाळवणीची सोय आधी व्हावी, असे मला वाटते. सुकी साल महिनोन्‌महिने टिकते, तिला स्वतःचा बाजार आहे, आणि दोन-तीन पिकांची साल साठली तरच पेक्टिनच्या कारखान्याचा विचार करता येतो.