पिकअपच्या हौद्यात लाकूड आलं कुठून

जुन्या शेवरोलेट पिकअपच्या हौद्यात, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या उघड्या भागात, वाकून बघितलं की फळ्यांच्याही आधी नजरेत भरतात त्या लोखंडी पट्ट्या आणि पट्टीत ओळीने बसवलेले गोल डोक्याचे बोल्ट. डोकं घुमटासारखं आणि खाली मान चौकोनी, म्हणजे एकदा चौकोनी भोकात बसला की खालून नट आवळताना वरून पाना धरावा लागत नाही. ह्याला कॅरेज बोल्ट म्हणतात आणि सगळी गोष्ट त्या नावातच आहे, कॅरेज म्हणजे घोडागाडी. मोटार यायच्या आधीपासून अमेरिकेतले गाडी बनवणारे कारागीर ह्याच बोल्टने लाकूड आणि लोखंड जोडत होते, आणि ट्रक आले तेव्हा तीच माणसं, तीच हत्यारं, तीच पद्धत ट्रकला लागली. स्टुडबेकर कंपनी तर १८५२ साली इंडियानातल्या साऊथ बेंडला लोहाराचं आणि घोडागाड्यांचं दुकान म्हणून सुरू झालेली, आणि पुढे तीच पिकअप विकत होती.

सुरुवातीला कंपन्या हौदा द्यायच्याच नाहीत. फोर्डने १९१७ साली मॉडेल टीटी हा एक टनाचा ट्रक आणला तो ६०० डॉलरला नुसती चासी म्हणून, म्हणजे इंजिन आणि चाकांसकट लोखंडी सांगाडा, हौदा ज्याचा त्याने गावातल्या बॉडीवाल्याकडून करून घ्यायचा, शेतकऱ्याला वेगळा, कोळसेवाल्याला वेगळा. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपल्याकडे कित्येक वर्षं हायवेला बिनकेबिनची चासी चालवत, तोंडाला फडकं गुंडाळलेला ड्रायव्हर दिसायचा, तो गाडी बॉडी बिल्डरकडेच नेत असायचा. आणि शेवरोलेट तर मुंबईचीच म्हणायला हरकत नाही, ती ज्यांची त्या जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत शिवडीला होता.

फॅक्टरीतून हौद्यासकट गाडी द्यायचं फोर्डने जाहीर केलं १५ एप्रिल १९२५ ला. मॉडेल टी रनअबाउट विथ पिक-अप बॉडी, म्हणजे फोर्डच्या मॉडेल टी ह्या मोटारीलाच मागे हौदा, किंमत २८१ डॉलर. हौदा ५६ इंच लांब, जेमतेम ४० इंच रुंद आणि १३ इंच खोल, मागे फाळका, म्हणजे उघडता येणारं झडप, कडेला खुंट्या उभ्या करायला खोबण्या, आणि वजन पेलायला मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, जास्त दमदार. आज बघितलं तर खेळण्याएवढा वाटेल पण त्या वर्षी तो हजारोंनी खपला.

त्या काळात फोर्डला लाकूड किती लागायचं हे बघितलं की हौद्यातल्या फळ्यांचं नवल वाटत नाही. एका मॉडेल टीमध्ये साधारण १०० बोर्ड फूट लाकूड जायचं असं सांगतात (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड फळी), त्यासाठी हेन्री फोर्डने मिशिगनच्या उत्तर भागात स्वतःची जंगलं घेतली, आयर्न माउंटनला लाकडाचा कारखाना टाकला आणि उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून विकला.

मग बाजू पत्र्याच्या झाल्या, केबिन पत्र्याची झाली तरी तळ लाकडाचाच का राहिला? माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर नुसतं "लाकूड स्वस्त" एवढं नाही. सपाट पत्र्यावर इंजिन टाकलं, दगड टाकले की त्याला पोचा पडतो, तो पोचा कायमचा, त्यात पाणी साचतं आणि तिथूनच गंज धरतो. फळीवर तेच टाकलं तर ओरखडा पडतो, फार तर एक फळी फुटते, मग चार नट सोडायचे, तेवढीच फळी काढायची, नवी सरकवायची, वेल्डिंग नाही काही नाही, शेतकरी अंगणात करू शकतो. शिवाय ओल्या पत्र्यावर माल घसरतो, आणि रिकामा पत्रा खराब रस्त्यावर जो दणदणाट करतो तो लाकूड करत नाही.

आणि फळ्या बसवायची पद्धत खरंच फार विचाराने केलेली आहे. खाली फ्रेमवर आडवे लोखंडी आधार, त्यांच्यावर लांबीच्या दिशेने फळ्या, प्रत्येक फळीच्या कडेला खाच आणि दोन फळ्यांच्या मधल्या फटीवर ती पट्टी, पट्टीच्या कडा दोन्ही बाजूंच्या खाचेत दाबून बसतात. बोल्ट जातो तो पट्टीतून आणि मधल्या फटीतून खाली आधारात, म्हणजे फळीला स्वतःला पट्टीच्या बोल्टसाठी भोकच पाडावं लागत नाही, ती नुसती दाबून धरलेली असते. पावसात लाकूड फुगतं, उन्हात आक्रसतं, त्याला हलायला जागा मिळते आणि फळी तडकत नाही. पट्ट्या लाकडापेक्षा किंचित वर राहतात त्यामुळे पेटी ओढली की ती लोखंडावरून सरकते आणि लाकूड खरवडत नाही. ज्याने कोणी हे पहिल्यांदा जुळवलं त्याला लाकूडही कळत होतं आणि मालाची चढउतारही.

फळीला भोकं पडतात ती हौदा फ्रेमला आवळणाऱ्या बोल्टांची. चासी रस्त्यावर पिळवटते, हौदा तेवढा पिळवटत नाही, म्हणून मध्ये लाकडी ठोकळा नाहीतर रबर द्यायची रीत आहे, आपल्याकडे ट्रकची बॉडी चासीवर यू बोल्टने आवळताना मध्ये लाकूड घालतात ते ह्याचसाठी. हे बोल्ट आधीच कचकचून आवळले तर हौदा वाकडा बसतो आणि फाळका लागत नाही, म्हणून सगळं सैल ठेवून, कोपऱ्यापासून कोपरा मोजून, हौदा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायचा आणि मगच आवळायचं.

आज लोक जे सगळ्यात जास्त नीट करायला घेतात ते शेवरोलेट ३१००, १९४७ च्या उन्हाळ्यात आलेल्या ॲडव्हान्स डिझाइन मालिकेतलं अर्ध्या टनाचं मॉडेल, हौदा ७८ इंच लांब आणि ५० इंच रुंद. ह्यातल्या मूळ फळ्या पाइनच्या, आणि त्या रंगवलेल्या असायच्या. हल्ली ओक घेऊन त्यावर आरशासारखं व्हार्निश चढवतात, दिसतं सुंदर, ज्याची गाडी त्याची हौस, पण तो मूळचा हौदा आहे असं म्हणू नये असं मला मनापासून वाटतं, कारण तो मिरवायला नव्हता, त्यात शेणखत आणि सिमेंट जायचं.

लाकूड गेलं ते हळूहळू. १९५५ ला शेवरोलेटने कॅमिओ ही पिकअप आणली, हौद्याला बाहेरून फायबरग्लास लावून बाजू केबिनच्या रेषेत आणल्या, १९५७ ला तशाच सपाट बाजूंची फोर्डची स्टाइलसाइड आली आणि १९५८ ला शेवरोलेटची फ्लीटसाइड, पिकअप आता माणसं घरासमोर दिमाखात लावायला लागली होती. तळाच्या पत्र्याला लांब कंगोरे दाबून काढले की तो पातळ असूनही ताठ राहतो, आणि एका दाबात निघणाऱ्या पत्र्यापुढे फळ्या, पट्ट्या आणि डझनावारी बोल्ट हाताने जुळवणं कंपनीला परवडेना. तरी शेवरोलेटच्या स्टेपसाइड हौद्यात, म्हणजे बाहेर काढलेले मडगार्ड आणि पाय ठेवायला पायरी असलेल्या जुन्या घाटाच्या हौद्यात, लाकडी तळ थेट १९८७ पर्यंत मिळत होता.