रडारचा शोध : श्रेयाचा वाद

रडार म्हणजे रेडिओ लहर सोडायची, ती समोरच्या वस्तूवर आपटून परत आली की पकडायची आणि वस्तू कुठे आहे ते ओळखायचं. हे पहिल्यांदा कोणी केलं यावर अजून एकमत नाही. श्रेय बहुतेकदा ब्रिटनचे रेडिओ संशोधक वॉटसन-वॉट यांना दिलं जातं, आणि त्यांच्याआधीच्या जर्मन ह्युल्समायरला 'त्याच्या यंत्राला अंतर कळत नव्हतं' म्हणून बाजूला काढलं जातं. लहर पत्र्यावरून परत फिरते हे शास्त्रज्ञ हर्ट्झने १८८८ च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरुहला दाखवलं होतं, १८९७ मध्ये बाल्टिक समुद्रात रशियन शास्त्रज्ञ पोपोव्हच्या लक्षात आलं की दोन जहाजांच्या मधून तिसरं गेलं की सिग्नल तुटतो, आणि आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ ला कोलकात्यात भिंतीपलीकडची घंटा लहरींनी वाजवली. बोसांचं काम फार मोठं, काही मिलिमीटर लांबीच्या लहरींपर्यंत गेलेलं, पण त्याला रडार म्हणता येत नाही, कारण परत आलेल्या लहरीवरून वस्तू शोधणं हा त्यांचा हेतूच नव्हता.

तो हेतू ख्रिश्चन ह्युल्समायरचा होता. धुक्यात जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्याने 'टेलिमोबिलोस्कोप' बनवलं, १९०४ मध्ये पेटंट घेतलं आणि कोलोनला ऱ्हाइन नदीवर प्रयोग करून दाखवला. जहाज टप्प्यात आलं की घंटा वाजायची, निघून गेलं की बंद! टप्पा साधारण ३ किलोमीटर, पण अंतर थेट कळत नव्हतं. शिपिंग कंपन्यांनी आणि जर्मन नौदलाने ते घेतलं नाही, बिचाऱ्याचं काम तिथेच थांबलं.

ब्रिटनमध्ये १९३५ ला वॉटसन-वॉटकडे 'मृत्युकिरण' (शत्रूला मारू शकणारा रेडिओ किरण) शक्य आहे का अशी विचारणा आली, त्यांनी आपला सहायक आर्नोल्ड विल्किन्सला गणित करायला सांगितलं. गणितात किरण बसेना, पण विमान जवळून गेलं की रेडिओ रिसेप्शन बिघडतं असं पोस्ट खात्याच्या लोकांकडून ऐकलेलं विल्किन्सला आठवलं आणि सगळं तिथून सुरू झालं. २६ फेब्रुवारीला डेव्हेंट्रीजवळ शेतात गाडी उभी करून, बीबीसीच्याच ट्रान्समीटरच्या लहरींवर, सुमारे १३ किलोमीटरवरचं हेफर्ड बॉम्बर त्यांनी पकडलं. आता गंमत बघा, अंतर तर इथेही थेट मोजलं नव्हतं! ते पल्स (लहरीचा अगदी छोटा झटका) सोडून, प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून मोजायचं, आणि पल्सवर विमान पकडायचा प्रयोग अमेरिकन नौदलाच्या लॅबमध्ये रॉबर्ट पेजने डिसेंबर १९३४ लाच केला होता. म्हणून अंतर कळलं नाही एवढ्यावरून ह्युल्समायरला बाजूला काढणं मला पटत नाही, आणि डेव्हेंट्रीचं श्रेय द्यायचंच तर विल्किन्सचं नाव वॉटसन-वॉटच्या शेजारी लिहिलं पाहिजे.