वजनकाटा, टेप आणि पहिले तीन महिने

आमच्याकडे व्यायामासाठी नाव नोंदवताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "महिन्याभरात किती किलो उतरतील?" असा आकडा आम्ही कोणालाच देत नाही. सुरुवातीला काट्यावर जे दिसते त्यावरून काहीजण हुरळतात, काहीजण हिरमुसून व्यायामच सोडतात. आम्हाला दोन्हींची काळजी वाटते, म्हणून हे पत्रक.

काटा काय दाखवतो

आपल्या खाण्यातली काही साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते: यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. त्यातल्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. जेवण एकदम तोडले की आधी हा साठा आटतो आणि पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेले वजन मुख्यतः याचेच. चरबी इतक्या घाईने जात नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. रोज गरजेपेक्षा ५०० कमी खाल्ल्या, तरी ती जायला पंधरा दिवस लागतात.

याच्या उलटही घडते. व्यायाम नव्याने सुरू केला की स्नायूंना थोडी सूज येते, तिथे पाणी साठते आणि काटा वर सरकतो. अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखते, मग ओसरते. हे वाढलेले वजन चरबीचे नाही. कृपया त्या आठवड्यात जेवण आणखी कमी करू नका.

म्हणून वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी. त्यासोबत महिन्यातून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा, टेप आवळू नका. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असणे चांगले. उंची १६० सेंटिमीटर असेल, तर ८० च्या आत.

व्यायाम कशासाठी, जेवण कशासाठी

सत्तर किलोची व्यक्ती अर्धा तास बऱ्या वेगाने चालली, तर सुमारे १२० ते १५० किलोकॅलरी खर्च होतात. एक मोठा चमचा तेलातही जवळपास तेवढ्याच असतात. वजन उतरवण्याचे मोठे काम ताटातच होते, हे आम्ही व्यायाम शिकवणारे असूनही स्पष्ट सांगतो.

मग घाम का गाळायचा? नुसती उपासमार करून वजन उतरवले, तर त्यातला साधारण पाव भाग चरबीचा नसतो. त्यात स्नायूही झिजतात. जिना चढायला, ओझे उचलायला, म्हातारपणी तोल सांभाळायला तेच स्नायू लागतात. तिशीनंतर ते तसेही हळूहळू घटतात. आम्हाला तुमची चरबी घालवायची आहे, ताकद नाही. आमच्या सगळ्या आखणीमागे हाच विचार आहे.

स्नायू टिकवायला दोन गोष्टी लागतात: पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम. वजन कमी करत असताना शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने बहुतेकांना पुरतात. डाळी, कडधान्ये, सोयाबीन, दूध-दही, अंडी, मासे, चिकन, जे तुमच्या खाण्यात बसते त्यातून घ्या आणि एकाच जेवणात न घेता दिवसभरात वाटून घ्या. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा ठेवा. पोट भरते आणि भूक लवकर लागत नाही. गोड पेये मात्र आधी बंद करा, कारण त्यांतून साखर जाते आणि पोट काही भरत नाही.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीला टेकून जोर मारणे, इथून सुरुवात करतो. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात, पण अंगाची ठेवण बिघडता कामा नये. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेने हालचाल शिकल्यामुळे येते. स्नायू त्यानंतर भरतात. आरशात फरक दिसला नाही म्हणून थांबू नका.

चालणे, सायकल, पोहणे यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सुचवतात. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाता येत नाही. एकदम जमणार नसेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा, तीही मोजली जातात.

पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी जात नाही. घाम आणणाऱ्या पट्ट्याने पाणीच जाते. असे पट्टे आणि वजन उतरवणाऱ्या पावडरी आम्ही विकत नाही.

आधी डॉक्टरांना विचारा

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वर दिलेले प्रथिनांचे प्रमाण तुमच्यासाठी नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. व्यायाम करताना छातीत दुखले, दम अनावर झाला किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबा आणि प्रशिक्षकाला हाक मारा.

पहिल्या दिवशी येताना चालू औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट सोबत आणा. बूट पकड असलेले हवेत.