घाम वाळतो की नुसताच गळतो?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंश सेल्सियसवर चढतो, त्याच दिवशी मुंबईत तो बहुधा ३४ अंशांच्या आसपास असतो. नुसते आकडे वाचणाऱ्याला मुंबईकरांची तक्रार अंमळ लाडाचीच वाटेल. तरीही विदर्भातून मुंबईला आलेला माणूस दोन दिवसांत ‘आमच्याकडचं ऊन परवडलं, पण ही चिकचिक नको’ असे म्हणू लागतो. या म्हणण्यात कितपत तथ्य आहे, हे शरीरातील उष्णतेचा जमाखर्च मांडल्याशिवाय कळत नाही, आणि त्या जमाखर्चात तापमानाइतकेच महत्त्व हवेतील पाण्याच्या वाफेला असते.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते. डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या मजुराच्या शरीरात ती ४०० वॅटच्याही पुढे जाते. ही सगळी उष्णता त्वचेवाटे बाहेर पडली, तरच आतले तापमान ३७ अंशांवर टिकते. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. भोवतालची हवा त्याहून थंड असेल, तर उष्णता आपणहून बाहेर जाते; हवा त्याहून गरम झाली की प्रवाह उलटतो, आणि मग शरीरापुढे घामाशिवाय दुसरा उपाय उरत नाही. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. एवढा घाम तासाभरात वाळला, तर ते साडेसहाशे वॅटहून अधिक क्षमतेचे शीतकरण होते. मात्र अट अशी की घाम त्वचेवरच वाळला पाहिजे. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेल्या थेंबाने शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे जाते, उष्णता जवळपास तशीच राहते.

घाम वाळण्याचा वेग त्वचेलगतच्या आणि भोवतालच्या हवेतील वाफेच्या फरकावर ठरतो. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत दर घनमीटर हवेत सुमारे ४० ग्रॅम वाफ असते. नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा, १५ टक्के धरली, तर हवेत अवघी १० ग्रॅम वाफ भरते. मुंबईत ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता धरली, तर हाच आकडा २४ ग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे घामाला वाव नागपुरात ३० ग्रॅमचा आणि मुंबईत १६ ग्रॅमचा, जवळजवळ निम्मा.

कोरडी हवा घामाच्या बळावर किती सोसता येते, याचा एक धाडसी प्रयोग १७७४ मध्ये लंडनमध्ये झाला. चार्ल्स ब्लॅग्डेन हे वैद्य आणि त्यांचे सहकारी मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरले. पुढच्या खेपांमध्ये तिथले तापमान सुमारे १२५ अंश सेल्सियसपर्यंत नेण्यात आले होते. त्या हवेत अंडी आणि मांस शिजले, ब्लॅग्डेन मात्र काही मिनिटांनी धडधाकट बाहेर आले. खोलीत वाफ कोंडलेली असती, तर एवढा वेळही काढता आला नसता. पुढे १९०५ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाणींतील आणि प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले की माणसाची सहनशक्ती ठरवण्यासाठी साध्या तापमापकाच्या आकड्यापेक्षा वेट बल्ब तापमान अधिक उपयोगी पडते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, की पाणी वाळल्याने पारा जिथवर उतरतो ते वेट बल्ब तापमान. हवा जितकी कोरडी, तितका पारा जास्त उतरतो. वर घेतलेल्या उदाहरणांत ते नागपुरात २३-२४ अंश येते आणि मुंबईत २८ अंशांच्या किंचित वर. तिथे विदर्भातल्या पाहुण्याची तक्रार रास्त ठरते.

स्थिर हवेत वेट बल्ब तापमान ३१ अंशांच्या वर गेले की नुसत्या बसलेल्या माणसाचेही शरीर तापू लागते, असे हाल्डेन यांना आढळले होते. २०१० मध्ये स्टीव्हन शेरवुड आणि मॅथ्यू ह्युबर या हवामानशास्त्रज्ञांनी मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक कमाल मर्यादा ३५ अंश मांडली, आणि बातम्यांमधून तोच आकडा लोकांच्या मनात बसला. पाकिस्तानातील जेकबाबाद आणि संयुक्त अरब अमिरातीतील रास अल खैमा येथे ही पातळी थोड्या वेळासाठी गाठली गेल्याच्या नोंदीही आहेत. पण अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात धडधाकट तरुणांना हलकी कामे करायला लावून घेतलेल्या चाचण्यांत, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दमट हवेतील मर्यादा ३० ते ३१ अंशांवरच आली, म्हणजे हाल्डेन यांच्या आकड्याच्या अगदी जवळ. वृद्धांची, आजाऱ्यांची आणि उन्हात राबणाऱ्यांची मर्यादा त्याहून खाली असणार, हे उघड आहे.

याच चाचण्यांतला दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा फारशी होत नाही. अतिशय तप्त आणि कोरड्या हवेत ही मर्यादा २५ ते २८ अंश वेट बल्बपर्यंत खाली आली. कारण दमट हवेत अडचण हवेची असते, ती वाफ घ्यायला तयार नसते. कोरड्या हवेत अडचण घामग्रंथींची असते. ४५ अंशांची हवा बाहेरून एवढी उष्णता अंगात ढकलते, की ती परतवायला लागणारा घाम ग्रंथींना पुरवता येत नाही. माणसाला तासाला साधारण एक ते दोन लिटरच घाम येऊ शकतो, आणि तोही पाणी मिळत राहिले तर. शिवाय हा घाम दिसत नाही. तो येताक्षणी वाळतो, अंग कोरडे लागते, आणि आपले किती पाणी गेले हे संध्याकाळी गडद शर्टाच्या पाठीवर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघांवरूनच कळते. म्हणून विदर्भात किंवा राजस्थानात तहानेची वाट न पाहता पाणी, मीठ घातलेले ताक किंवा पन्हे पीत राहणे शहाणपणाचे असते. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याला मात्र या जमाखर्चात कोणतीही बाजू सापडत नाही. तो जेवताना खावा.

दोन्ही उन्हाळ्यांचे उपाय त्यामुळे पुष्कळदा परस्परविरुद्ध ठरतात. मुंबईत पंखा लावला, की ३५ अंशांहून थंड असलेली हवा अंगावरून फिरते आणि घामही भराभर वाळतो. पंखा गेला की त्वचेलगतची हवा वाफेने गच्च होते. नागपुरात ४५ अंशांच्या कोरड्या खोलीत तोच पंखा गरम झळा अंगावर आणतो. तापमान ४० अंशांच्या वर असताना केवळ पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. कपड्यांचेही तसेच. किनारपट्टीवर अंग जितके मोकळे तितके बरे, कारण ओल्या कपड्याखाली कोंडलेल्या त्वचेवर घामोळे उठते आणि सतत ओल्या राहिलेल्या त्वचेच्या घामग्रंथीही मंदावतात. कोरड्या उन्हात मात्र दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला गुंडाळून निघणारा नागपूरकर बरोबर असतो, कारण त्या कापडाने ऊन आणि झळा दोन्ही अडतात. वाळवंटातल्या भटक्या बेदुइन अरबांचा काळा अंगरखा बाहेरून आलेल्यांना कोड्यात टाकतो. १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे दिसले, की काळ्या आणि पांढऱ्या अंगरख्यांत त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच होती, काळ्या कापडाने घेतलेली जादा उष्णता सैल अंगरख्याखाली खेळणाऱ्या हवेबरोबर निघून जात होती.

सगळ्यांत बोलके उदाहरण कूलरचे आहे. ओल्या वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या ताट्यांमधून हवा ओढली, की पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. चांगला कूलर हवेचे तापमान आणि वेट बल्ब तापमान यांतले सुमारे तीन चतुर्थांश अंतर कापतो. नागपूरची ४५ अंशांची हवा त्यातून २९ अंशांची होऊन येते. मुंबईची ३४ अंशांची हवा ३० अंशांची होते. कागदावर दोन्हींत फरक फक्त एका अंशाचा दिसतो, पण नागपूरच्या खोलीतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास राहते आणि मुंबईच्या खोलीत ती ९० टक्क्यांवर पोहोचते. कूलर तापमान उतरवतो, वेट बल्ब तापमान जिथल्या तिथे ठेवतो. म्हणूनच कूलरमागची खिडकी आणि समोरचे दार उघडे ठेवावे लागते. बंद खोलीत तीच ओली हवा फिरवली, तर तासाभरात विदर्भातही मुंबई होते. दमट हवेतली वाफ काढण्याचे काम एसी करतो, आणि मुंबईतल्या एसीच्या नळीतून बादल्या भरतील एवढे पाणी गळते ते त्यामुळेच. नागपुरात मे महिन्यात ती नळी बरीचशी कोरडी असते.

आपली जुनी घरे हा फरक ओळखून बांधलेली होती. खानदेशातली आणि मराठवाड्यातली धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींची आणि लहान झरोक्यांची असत, म्हणजे दुपारची उष्णता आत शिरेपर्यंत संध्याकाळ होई आणि मग गच्चीवर निजता येई. कोकणात दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक सहा-सात अंशांचाच असल्याने जाड भिंतींचा फारसा उपयोग नव्हता. तिथे पडवी, उतरते कौलारू छप्पर आणि वारा आरपार जाईल अशी दारे यांवर भर होता. आज जळगावात आणि रत्नागिरीत एकाच नकाशाच्या स्लॅबच्या इमारती उभ्या राहतात, आणि त्या दोन्हीकडे गैरसोयीच्या ठरतात.

हवामानाच्या बातम्यांतही कमाल तापमानालाच मथळा मिळतो. भारतीय हवामान विभागाच्या निकषांत उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश तापमान धरले जाते, म्हणजे किनाऱ्यासाठी काही सवलत दिलेली आहे. २०२३ पासून विभागाने तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणारा उष्णता निर्देशांकही प्रायोगिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी १६ एप्रिलला नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, तेव्हा परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. आपल्या गावाचा अंदाज घरच्या घरी घ्यायचा असेल, तर एक पथ्य पाळावे. सकाळी साडेआठची आर्द्रता आणि दुपारचे कमाल तापमान यांची जोडी लावू नये. हवा तापताना सापेक्ष आर्द्रता झपाट्याने उतरते, त्यामुळे ‘३५ अंश आणि ९० टक्के’ अशी भीतिदायक जोडी बहुधा दोन वेगळ्या वेळांची असते. विभाग संध्याकाळी साडेपाचची आर्द्रताही नोंदवतो, आणि दुपारच्या तापमानाशेजारी ठेवून पाहायला तीच जवळची आहे.